ढेबेमामांचा पाण्यातला डोंगर

परवा माझी मुलगी पुण्याला निघाली. बॅग खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि "बाबा, निघते" म्हणाली, तर माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं, "परत कधी?" ती वैतागली. "अहो, अजून उंबरा तरी ओलांडू द्या!" म्हणाली आणि गेली.  तो प्रश्न माझा नव्हताच. तो ढेबेमामांचा होता, आणि नकळत माझ्या घरात राहायला आला होता.

लक्ष्मण ढेबे आमच्या महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत फायरमन होते आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. घर पोलादपूरच्या वर, डोंगराच्या माथ्यावरच्या धनगरवाड्यात. पंधरा-सोळा घरं, म्हशी, शेळ्या, नाचणी-वरीची शेतं. महाडात त्यांची एक खोली होती, पण सुट्टी लागली की मामा वर. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला बांधलेलं. त्यांना कुणी "मी चाललो" असं सांगितलं की ते "कुठं?" असं कधीच विचारत नसत. पहिला प्रश्न, "परत कवा?" आमच्या कँटीनवाल्यानं मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली, तर मामांनी मुहूर्त विचारला नाही, वऱ्हाड परत किती वाजता निघणार ते विचारलं. तो बिचारा म्हणाला, "मामा, आधी पोराच्या गळ्यात माळ तर पडू द्या!"

आम्ही हसायचो. पण कंपनीत मामा ज्या कामाला होते ते काम बघितलेला माणूस फार हसत नसे. रसायनाच्या बंद टाक्या आतून साफ करायच्या असल्या की पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा चढवून आत उतरायचं, आणि उतरलेल्या माणसांना घेऊन बाहेर यायचं. टाकीच्या तोंडाशी मामा एक शाळेतली लाकडी चौकटीची पाटी टांगत. तिच्यावर खडूनं दोनच ओळी. आत किती वाजता, बाहेर किती वाजता. दुसरी ओळ आत जाण्याआधीच लिहिलेली असे.

एकदा एका टाकीत झडपेचा शेवटचा बोल्ट राहिला होता आणि पाटीवरची वेळ झाली. मामा दोन्ही फिटरना घेऊन बाहेर आले. वर उभा असलेला मॅनेजर संतापला. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी पुन्हा सगळी तयारी, अर्धा दिवस वाया. तो ओरडत होता आणि मामा मुखवटा पुसत होते. शेवटी म्हणाले, "व्हय सायेब, दोन मिन्टात झालं असतं."

"मग?"

"आज झालं असतं. म्हंजे उद्या पन थांबलो असतो. परवा तीन मिन्टं. आनि येक दिवस तुमी मला बाहेर काढाय दुसरा मानूस आत पाठवला असता."

त्यांच्या पूर्ण नोकरीत त्यांच्याबरोबर आत गेलेला एकही माणूस दुसऱ्यांनी उचलून बाहेर आणावा लागला नाही. त्यांना कधी बक्षीस मिळालं नाही. काही घडलंच नाही तर बक्षीस कशाचं द्यायचं, हा हिशेब कंपनीला कळत नसावा.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना कंपनीची सहल तारकर्लीला गेली. तिथं पर्यटकांना पाठीला सिलिंडर लावून समुद्रात वीसेक मिनिटं खाली नेतात. आमच्यातले अर्धे लोक नुसती होडी बघून मागे सरले. मामा मात्र पुढे. सिलिंडर बघून त्यांचा चेहरा जुना शेजारी भेटल्यासारखा उजळला. पोहणं त्यांना सावित्रीच्या डोहात लहानपणीच आलेलं होतं.  परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसले होते. कणकवली मागे पडल्यावर हळूच म्हणाले, "साळवीसायेब, जलमभर सिलिंडर लावून मी घान बघाय उतरलो. त्याच सिलिंडरात हे पन बघता येतंय, हे मला कुनी सांगितलं नाय."

हे ते ज्या आवाजात म्हणाले तो मी अजून विसरलेलो नाही. मला त्या क्षणी त्यांची फार लाज वाटली, म्हणजे माझी. मी वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून ज्या टाक्यांचे नमुने तपासत होतो, त्यांच्या आतला अंधार हा माणूस तीस वर्षं बघत होता.

तिथून पुढं मामांनी रीतसर पाणबुड्याचं शिक्षण घेतलं, आणि मलाही ओढलं. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, पोट त्याहून मोठं. तिसऱ्या सुजाताबाई जाधव. शाळेत भूगोल शिकवायच्या, आमच्या शेजारी राहायच्या, माझ्या मुलीच्या बाई. आमचं बोलणं कुंपणावरून ऐकून त्या आपणहून आल्या. माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, घरच्यांची परवानगी आहे का? सुजाताबाई हसल्या. "वहिनी, पाण्यात उतरायला परवानगी मागायची पद्धत आमच्या लोकांनी इथंच चवदार तळ्यावर मोडली. आता मी कुठं परत सुरू करू?" त्यानंतर परवानगी हा शब्द आमच्या घरात माझ्या बाबतीतही फारसा उच्चारला गेला नाही.

दीड वर्षात आम्ही तिघं तीस मीटरपर्यंत जाण्याच्या लायकीचे झालो, निदान कागदावर. आणि मामांनी अंदमानचा बेत काढला.

त्या बेताच्या बैठका माझ्या घरी व्हायच्या. आमच्या बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, महाडात खालच्या बहुतेक घरांत असते तशी. दर दोन वर्षांनी रंग देतो, पण ती एवढी जागा आम्ही सोडून देतो. मामा त्या रेघेला टेकून उभे राहिले. ती बरोबर त्यांच्या डोक्यावर आली. "हे येक पुरुस पानी," ते म्हणाले. "आपल्याला असं अठरा पुरुस खाली जाता येतंय. त्याच्या खाली नाय. आता बोला, अठरा पुरसात काय काय बघायचं?"

थॉमस नावाचा तिथला एक प्रशिक्षक आम्हाला नेणार होता. त्यानं फोनवर पाच-सहा खोल प्रवाळांच्या जागा सांगितल्या. मी त्यांतली सगळ्यात गाजलेली उचलली, कारण तिचे फोटो सुंदर होते. मामांनी थॉमसला फोन लावला आणि प्रश्न सुरू केले. खाली जायला बांधलेला दोर आहे का? पाण्याला ओढ किती, आणि ती मध्येच बदलते का? होडीवर ऑक्सिजन असतो का? काही झालं तर दवाखान्याचं बेट किती तासांवर? शेवटी थॉमस म्हणाला, "अंकल, इतने सवाल तो मेरी परीक्षा में भी नहीं आए थे." ती गाजलेली जागा बाद झाली. तिथली ओढ कधी फिरेल ते सांगता येत नव्हतं. मी कुरकुरलो, तर मामा म्हणाले, "फोटो परत आल्याव बघतात ना? मग आधी परत याया पायजे."

आणि मग थॉमसनं एक जागा सांगितली, जिला तिथले होडीवाले नुसतं 'पहाड' म्हणत. समुद्राच्या तळातून उठलेला एक डोंगर, ज्याचा माथा पाण्याखाली चौदा पुरुष. माथ्यावर हातपंख्यासारखी उभी पोवळी, माणसाएवढी, आणि कडेला मोठ्या माशांचं एक जोडपं, जे वर्षानुवर्षं तिथंच राहतं. मामांनी फोन खाली ठेवला आणि खडू उचलून तसाच हातात धरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"जलमभर डोंगराव चढलो ना," ते म्हणाले. "डोंगराव वरनं उतरायचं म्हंजे घारीगत. ह्यो मला बघायचाय, सायेब. बाकीचं तुमी ठरवा. ह्यो माजा."

त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली मला माहीत असलेली ही एकच गोष्ट.

सहा दिवसांचा आराखडा पाटीवर आला. पहिल्या दिवशी सहा पुरुष, नुसती सवय व्हायला. मग दहा. मग बारा-तेरा. चौथ्या दिवशी पहाड. पाचवा दिवस राखीव. सहावा पूर्ण कोरडा, कारण खोल पाण्यातून वर आल्यावर लगेच विमानात बसायचं नसतं. मामांनी बाजारातल्या एका कोळणीकडून भरती-ओहोटीचं गणित समजून घेतलं, अष्टमीच्या आसपास समुद्र कमी ओढतो हे ऐकून पंचांग उघडलं आणि चौथा दिवस बरोबर अष्टमीवर आणून बसवला. सुजाताबाई एवढंच म्हणाल्या, "मार्चात तळ्यावर माणसं जमतात, माझी तिथं पाणीवाटपाची जबाबदारी असते. त्याच्या आत मी परत, नाहीतर मी येत नाही." मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. निघायच्या आधी परतीचा दिवस सांगणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

आता रायगडाची हकीकत सांगायलाच हवी, कारण मी तिथं जी चूक केली तीच पुढं समुद्रात केली. सरावासाठी मामांनी आम्हाला हिरकणीवाडीला नेलं. मला वाटलं गड चढायचा. तर मामांनी तीन तिकिटं काढून आम्हाला रोपवेनं वर नेलं, आणि वर पोचल्यावर म्हणाले, "आता पायऱ्यांनी उतरायचं, आनि न थांबता परत वर." आम्ही उतरलो. मी मजेत. वाटेत ताक प्यालो, काकडी खाल्ली, दोन ठिकाणी फोटो काढले, एका शाळेच्या सहलीला गडाचा इतिहास सांगितला. खाली एका टपरीवर चहा घेतला आणि आम्ही वर वळलो, तर टपरीवालीनं सुजाताबाईंना थांबवलं.

"काय गो बाई, आताच उतरलाव ना? वर काय इसरलं काय?"

"मामांचं डोकं," सुजाताबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

अर्ध्या वाटेवर माझे पाय थरथरायला लागले. भात्यासारखा श्वास चालला होता. मामा शेजारी येऊन बसले, पाटीवर काहीतरी लिहिलं, आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यात त्यांचं सगळं शास्त्र होतं.

"तुमी महाडवाले. तुमी गडाव जाता तवा आधी चढ, मंग उतार. म्हनून सगळा दम जाताना घालवायची तुमाला खोड. येताना काय, गडगडत यायचं. आमचं घर वर. मी कॅन घेऊन पोलादपूरला दूध घालाय यायचो, तवा आधी उतार, आनि बाजार झाल्याव चढ. बाजारात किती रमायचं ते वरनं निघतानाच ठरवाय लागतंय. समिंदर आमच्यासारका हाय, सायेब. घर वर हाय."

मी मान डोलावली. कळलं, म्हणालो. माणसाला कळणं आणि त्याच्या फुप्फुसाला कळणं यात फरक असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

पाण्याखालचा नियम त्यांनी एका वाक्यात बांधला होता. सिलिंडर भरलेला असला की काटा दोनशेवर असतो. जोडीतल्या कुणाचाही काटा एकशेतीसवर आला की दोघांनी वळायचं. दुसऱ्याचा कितीही भरलेला असो. "कळप लंगड्या शेळीच्या चालीनं चालतो," ते म्हणत. लंगडी शेळी कोण हे सांगायची गरज नव्हती. काटा दाखवायची खूण बोटांनी. एक बोट आणि मग पाचही बोटं म्हणजे दीडशे. एक आणि तीन म्हणजे एकशेतीस.

अंदमानातले पहिले तीन दिवस आराखड्याप्रमाणे गेले. माझी हवा सगळ्यांच्या आधी संपायची आणि मामा एकदाही कपाळाला आठी न घालता माझ्याबरोबर वर यायचे. संध्याकाळी पाटी पुसून दुसऱ्या दिवसाची लिहायचे. चौथ्या दिवशी पहाटे ते माझ्या आधी उठून किनाऱ्यावर बसले होते. साठीला टेकलेला माणूस, पण उद्या शाळेची सहल आहे अशा पोरासारखा दिसत होता.

थॉमस आणि सुजाताबाई पुढे उतरले. मी आणि मामा त्यांच्या मागे, दोराला धरून. पाच पुरसांवर पाण्याच्या दाबानं माझा कान अडला. थांबलो, जरा वर आलो, परत उतरलो, परत थांबलो. मामा शेजारी स्थिर. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे सावकाश, मोजून सोडल्यासारखे. माझे उकळत्या पातेल्यासारखे. आपल्यामुळे उशीर होतोय या धास्तीनं मी आणखी जोरात श्वास घेत होतो. रायगडाच्या पायऱ्याच त्या, फक्त उलट्या, आणि मी ताक पीत उतरत होतो.

आणि मग खाली निळ्यातून तो डोंगर वर आला. आधी नुसती काळी सावली, मग कडा, मग माथा, आणि माथ्यावरची ती पंख्यासारखी पोवळी, सगळी एका दिशेनं डुलत असलेली. आम्ही बारा पुरसांवर होतो. माथा आणखी दोनच पुरुष खाली होता. मामांनी दोर सोडला आणि दोन्ही हात बाजूला पसरले. खरोखर घारीगत. मी काट्याकडे बघितलं. एकशेतीस.

मामांनी वळून बोटानं विचारलं, किती?

मी एक बोट दाखवलं. मग पाचही.

का दाखवली, ते मी आजही नीट सांगू शकेन. दोन पुरसांसाठी या माणसाचा डोंगर माझ्या पोटापायी जाऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. दोन मिनिटांचं तर काम.

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग जवळ आले आणि माझ्या छातीवर लटकणारा काटा स्वतःच्या हातात घेऊन बघितला. तोवर तो एकशेवीसवर आला होता. त्यांनी तो हळूच सोडला. एकदा खाली बघितलं. फार वेळ नाही, एका श्वासापुरतं. आणि अंगठा वर केला. वर चला. खाली थॉमसनं बघितलं, मान हलवली. आम्ही निघालो. वर येताना तीन पुरसांवर तीन मिनिटं थांबायचं असतं, मामांनी मला पाच थांबवलं. त्या पाच मिनिटांत त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांची नजर चुकवायला समुद्रात कुठंही जागा नव्हती.

होडीवर चढल्यावर त्यांनी मुखवटा काढला. मला वाटलं, आता माझी समजूत घालतील. मामांना रागावलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"नितीन," ते म्हणाले. साहेब नाही, साळवी नाही. पहिल्यांदाच नाव. "हवा कमी पडली त्याचा मला राग नाय. ती पडनारच व्हती. पन तू मला खोटा आकडा दिलास."

"मामा, तुमच्यासाठी..."

"माज्यासाठीच ना? मग माज्याशीच खरं बोलायचं. टाकीत मी तीस वरसं आकड्याव इस्वास ठेवून उतरलो. मानसं चांगलीच असतात रे. चांगल्या मानसाच्याच खोट्यानं मानूस मरतो." "तुजी पोरगी महाडात बसलीय. तिला मी काय सांगनार व्हतो, की तुजा बाप माजा डोंगर बघाय गेला?"

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, पट्टे-बिट्टे बांधलेला, होडीच्या कडेला बसून रडलो. मामांनी थोड्या वेळानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

थॉमस वर आला तेव्हा त्यानं मामांना बाजूला घेऊन सांगितलं की तसं दोन मिनिटं थांबता आलं असतं. मामा म्हणाले, "हां, हो जाता." बस, एवढंच. सुजाताबाई मात्र वर आल्यापासून पाठमोऱ्या बसून आपलं सामान आवरत होत्या. त्यांनी डोंगर बघितला होता, त्या मोठ्या माशांचं जोडपंही बघितलं होतं, आणि आम्हा दोघांसमोर ते बोलावं कसं हे त्यांना कळत नव्हतं. मामांनीच त्यांना हाक मारली.

"सांग गो. समदं सांग. लपवू नको. माथ्याव सपाटी हाय की टोक?"

"सपाटी आहे, मामा. तुमच्या वाडीएवढी असेल."

"आनि उतार कुटल्या अंगाला?"

सुजाताबाईंनी पाटी मागितली. भूगोलाच्या बाई त्या, तासभर बसून त्यांनी डोंगर काढला. समोच्च रेषांसकट. पोवळी कुठं, मासे कुठं, दोर कुठं बांधलाय, सगळं. मामा प्रश्न विचारत होते आणि त्या आठवून आठवून सांगत होत्या. शेवटी मामांनी पाटीवर माथ्याच्या जरा वर एक ठिपका काढला आणि म्हणाले, "हितं मी व्हतो."

पाचव्या दिवशी वारा सुटला आणि होड्या बंद झाल्या. राखीव दिवस आम्ही खोलीत पत्ते खेळत घालवला. मामा दोन डाव जिंकले. सहावा दिवस कोरडा. सातव्या दिवशी विमान.

पुन्हा जायचं ठरलंच होतं. पण निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरांनी मामांच्या छातीचा फोटो बघितला, दोनदा नळीत फुंकर मारायला लावली आणि सांगितलं, आता समुद्र विसरा. मामांनी डॉक्टरांना काहीही विचारलं नाही. महाडातली खोली सोडली आणि वर वाडीत कायमचे राहायला गेले. मी दोन-तीनदा गेलो. ओटीच्या भिंतीवर ती पाटी टांगलेली होती, रेषा पुसल्या जाऊ नयेत म्हणून वर प्लास्टिक चिकटवलेलं. मामी मला चहा देताना म्हणाली, "समिंदरात जाऊन पन ह्या मानसानं डोंगरच बघितला. हितं काय कमी व्हते?" मामा खळखळून हसले आणि मग त्यांना खूप वेळ खोकला आला.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर. पोलादपूरला कामाला गेलो होतो, आठवड्याचा बाजार होता, आणि मामा एस.टी. स्टँडजवळ उभे. हातात पिशवी, त्यात मिठाची पुडी, साबण, मामीच्या पायाचं औषध. मी पिशवी घेतली आणि पायवाटेला त्यांच्याबरोबर लागलो. वाडीपर्यंत सोडतो म्हणालो. त्यांनी घड्याळ बघितलं आणि चालू लागले. दर वीस पावलांवर थांबत. बोलत नव्हते, श्वास वाचवत होते. अर्ध्या वाटेवर आंजणीचं एक जुनं झाड आहे, त्याखाली बसलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"पायात किती हाय?"

मी आधी खोटं बोलणार होतो, ते त्यांच्याही लक्षात आलं असावं. मग एक बोट दाखवलं, आणि मूठ मिटली. शंभर. निम्मे.

"खरं?"

"खरं, मामा."

"मग फीर. सांज व्हायच्या आत रस्त्याला लाग. आता उरली अर्ध्या तासाची वाट, मी जाईन. वर पोचलो की कड्यावनं हात करीन." त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली.

"आणि तुमच्यात किती आहे?" मी विचारलं.

मामा हसले. एक बोट दाखवलं. मग पाचही.

तो माझाच आकडा होता. चेष्टा होती की खोटं, मला कळेना, आणि हातात घेऊन बघायला त्यांच्या छातीवर काटा नव्हता. पण एकानं वळ म्हटलं की दुसऱ्यानं वळायचं, हा आमचा नियम होता. मी वळलो. त्यानंतर महिन्याभरानं मामा गेले. दुपारी ओटीवर बसल्या बसल्या गेले, असं मामीनं सांगितलं.

त्या बाजाराच्या दिवशी मात्र मी खाली रस्त्यावर येऊन थांबलो होतो. अर्धा तास झाला, पाऊण झाला. दोन बस सोडल्या. सव्वा तास झाला तेव्हा माथ्याच्या कडेला, मागच्या उजेडात, एक बारीक आकृती आली. दीडशे नव्हतेच तर. तिनं पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन गोल केला. खोल पाण्यातून वर आलेला माणूस लांबच्या होडीला अशी खूण करतो. वर आलोय, ठीक आहे.

मीही दोन्ही हात डोक्यावर नेले, आणि ते वळून वाडीकडे दिसेनासे होईपर्यंत खाली आणले नाहीत.